चंदीबाईची जादा मूठ

त्या फार्मवर तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारलेली कुणाला आठवत नाही. घोड्यांच्या खुराकाला चंदी म्हणतात आणि चंदीची खोली तिच्या ताब्यात, म्हणून ती चंदीबाई. मालकीणबाईंची चंदीबाई, मॅनेजरची चंदीबाई, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांची चंदीबाई. पत्रे ठोकायला वर्षाकाठी एकदा येणारा माणूससुद्धा चंदीबाईच म्हणायचा. तिला त्याचं वाईट वाटत नसे. लहानपणी जे नाव चिकटलं होतं त्यापेक्षा हे कितीतरी सभ्य होतं.

लहानपणी तिला गलगंडी म्हणत. डोंगराच्या कुशीतलं तिचं गाव, पाणी झऱ्याचं, माती पावसाने धुऊन धुऊन निकस झालेली. त्या मातीत आयोडीन म्हणून नव्हतं, आणि आयोडीन नावाचं काही असतं हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. अर्ध्या गावाचे गळे सुजलेले. तिच्या आईचा होता, आजीचा होता, म्हणून तिचाही आहे यात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते खालच्या गावातल्या शाळेत गेल्यावर. पोरं माणसं नसतात, पोरं ही पोरं असतात. तिच्या मागून गाल फुगवून चालायची. मास्तर बघून न बघितल्यासारखं करायचे आणि कधीकधी स्वतःच मिशीत हसायचे.

मग गावात पाकिटातलं मीठ आलं. सरकारी माणसाने येऊन सांगितलं की यात औषध घातलंय, हेच खा. आईने ते खाल्लं आणि त्यानंतर धाकटी झाली. धाकटीचा गळा गुळगुळीत, सुरईसारखा. एकाच आईच्या दोन मुली. मधे काय आलं, तर मिठाचं पाकीट. आई धाकटीला मांडीवर घेऊन तिच्या गळ्यावरून बोट फिरवत राहायची. थोरली चुलीपाशी बसून ते बघायची आणि लाकडं आत सारायची.

ऐन तारुण्यात तिच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, पण वण राहिला. या कानाखालून त्या कानाखालपर्यंत, घाईत शिवलेल्या पोत्यासारखा. हॉस्पिटलातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी टाके काढताना सहज म्हटलं, "पोरी, तुझ्या आईच्या पोटात चिमूटभर आयोडीन गेलं असतं ना, तर हे काहीच झालं नसतं." ते सहज बोलले आणि हात धुवायला गेले. तिने मात्र ते वाक्य जन्माची शिदोरी म्हणून बांधून घेतलं. लग्नाची बोलणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा गळ्यापाशी अडली. तिसऱ्यांदा कुणी विचारायला आलं ते धाकटीसाठी. तेव्हापासून तिने गळाबंद कपडे धरले. भर उन्हाळ्यातही सगळ्यात वरचं बटण लावलेलं. घामाने मान सोलून निघायची, पण बटण सुटायचं नाही.

फार्मवर ती आली ती झाडलोट करायला, आणि राहिली चंदीच्या खोलीत. खोली लांबट, पत्र्याच्या झाकणांचे पिंप भिंतीला लावलेले. ओट, कोंडा, जवस, गूळ, आणि मॅनेजरने अलीकडे सुरू केलेला तयार खुराक, ज्याच्या पोत्यावर जीवनसत्त्वांची आणि क्षारांची ही मोठी जंत्री छापलेली असायची. ती जंत्री कुणी वाचत नसे. चंदीबाई तर नाहीच, कारण चंदी कशी कालवायची हे पोत्याने शिकवावं असं तिला वाटत नव्हतं. कुठली घोडी दातांनी अधू आहे, कुणाला कोंडा भिजवून लागतो, कोण बादली उलथी करतं, हे सगळं तिच्या डोक्यात. मोतद्दार म्हणायचे, चंदीबाईच्या हाताला गुण आहे. हे ऐकलं की ती "पुरे, बादल्या उचला" म्हणायची, पण त्या दिवशी तिचा पाय हलका पडायचा. बाईला आयुष्यात कौतुकाचं एवढं एकच वाक्य मिळालं होतं. तिने ते जपून जपून वापरलं.

आणि तिची लाडकी होती काजळी. काळीभोर घोडी, डोळ्यांभोवती आणखी काळी. मालकीणबाईंनी ती डोंगराकडून विकत आणली होती. चंदीबाईच्याच डोंगराकडून, एक दरी पलीकडून. हे कळलं त्या दिवशी चंदीबाईने तिच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे तू माहेरची." लोक हसले. पण तेव्हापासून काजळीची बादली ती स्वतः न्यायची.

एके वर्षी मालकीणबाईंनी समुद्री शेवाळाची पूड मागवली. वाळवून दळलेली, हिरवट तपकिरी. ती घातली की घोड्यांच्या अंगावर तकाकी येते, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. मॅनेजर म्हणाला, "चंदीबाई, प्रत्येकीला या लहान मापाने एक माप, वर काही नाही." तिने पोत्याचं तोंड सोडलं आणि खारट, कुबट वास आला. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. तो पहिल्यांदा आला तो असा, पोत्यातून. पोत्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: नैसर्गिक आयोडीनने भरपूर. हे मात्र तिने वाचलं. दोनदा वाचलं. ज्याच्या चिमटीसाठी तिचा जन्म वाकडा गेला, ते इथे पोत्याने पडलं होतं, तेही घोड्यांच्या केसांना चमक यावी म्हणून. तिला हसावं की रडावं कळेना. मग तिने काजळीच्या बादलीत मापावर एक मूठ जादा टाकली. काजळी गाभण होती, आणि डोंगरातली होती. डोंगरातल्या आयांच्या अंगात काय कमी असतं हे चंदीबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

घोडी जवळजवळ अकरा महिने गाभण असते. त्यातले उरलेले सगळे महिने ती मूठ चालू राहिली. काजळी तर अशी चमकली की मालकीणबाई पाहुण्यांना मुद्दाम तिच्यापाशी आणत. शिंगरू मात्र झालं ते मेल्यासारखंच. उभं राहिलं नाही, आचळ धरलं नाही, संध्याकाळच्या आत गेलं. मॅनेजर म्हणाला, "जन्मतःच कमजोर. होतं असं." घोड्यांच्या डॉक्टरला बोलावण्याची कुणाला निकड वाटली नाही. खड्डा खणायला माणसं गेली तेव्हा चंदीबाई एकटी त्या शिंगराजवळ बसली होती. तिने त्याच्या जबड्याखाली हात घातला. तिथे दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी होत्या.

तिने हात असा काढून घेतला की जणू स्वतःच्याच गळ्याला लागला. गलगंड. जगात दुसऱ्या कुणाला ओळखू आला नसता, पण तिला अंधारातही आला असता. आणि तिथेच त्या बाईने आपल्या शहाणपणाची माती केली. बाकीच्या घोड्यांची शिंगरं त्याच वर्षी धडधाकट उभी होती, त्यांना जादा मूठ नव्हती, हे रोज तिच्या डोळ्यांसमोर बागडत होतं. पण गाठ म्हणजे आयोडीन कमी, हे तिच्या गळ्यावर टाक्यांनी लिहिलेलं. त्यापुढे डोळ्यांचं काय चालतं? तिने हिशेब केला तो असा: काजळी डोंगरातली, तिचं एका मुठीने भागलं नाही. आता दोन.

कुणाला तरी विचारावं असं तिला वाटलं नाही का? वाटलं. डॉक्टरांची गाडी फाटकातून आत आली की ती दोन पावलं पुढे जायची. पण विचारायचं म्हणजे गलगंड हा शब्द तोंडातून काढायचा, आणि तो काढला की समोरच्याची नजर आधी आपल्या बटणाकडे जाणार. मग ती मागे फिरायची आणि पिंपांची झाकणं पुसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. या मुठीची किंमत वेगळी निघाली.

काजळी पुन्हा गाभण राहिली तेव्हा मालकीणबाईंनी चंदीच्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं, "हे शेवटचं हं, चंदीबाई. या वेळीही असंच झालं तर मी तिला ठेवणार नाही. जागा अडते."

"नाही होणार, बाई," ती म्हणाली. "मी आहे ना."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी धाकटीच्या मुलीला दिवस गेले. चंदीबाईला स्वतःचं असं कुणी नव्हतं. ही भाची म्हणजे तिचा जीव की प्राण. ती एका बरणीत शेवाळाची पूड गच्च भरून घेऊन गेली. धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंड्यांची रांग, ओटा आरशासारखा. धाकटीने बरणीचं झाकण उघडलं आणि नाक बाजूला घेतलं.

"काय गं हे, ताई?"

"आयोडीन आहे. हिला रोज एक चमचा दे. दुधातून दे, कशातूनही दे. आईला वेळेवर मिळालं असतं तर…" तिने वाक्य सोडून दिलं. धाकटीसमोर ते वाक्य तिला कधीच पुरं करता आलं नव्हतं.

भाची हसून म्हणाली, "घेईन हं मावशी. रोज घेईन." पुढे प्रत्येक फोनवर मावशी विचारायची, "घेतेस ना?" आणि भाची म्हणायची, "घेते गं." तेवढं ऐकलं की चंदीबाईला झोप लागायची. एक इकडे, एक तिकडे. दोघींचं नीट होणार. आपल्या हाताखालून जन्माला येणाऱ्या कुणाचाही गळा आता आपल्यासारखा होणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. देवाकडेही तिने दुसरं काही मागितलं नसतं.

काजळी सकाळच्या वेळेला व्याली. चंदीबाई आली तेव्हा पेंढ्यावर ओलं शिंगरू पडलं होतं, आईसारखंच काळं. काजळी त्याला चाटत होती, नाकाने ढोसत होती, ऊठ म्हणत होती. ते उठलं नाही. पुढचे पाय घोट्यात असे लुळे की खूर दुमडून जात होते. आणि गळा. या वेळी हात लावायचीही गरज नव्हती. मोतद्दार म्हणाला, "हे काय हो याच्या गळ्याला?" चंदीबाईने शिंगराचं डोकं मांडीवर घेतलं आणि काजळीचं दूध काढून बाटलीने पाजायला लागली. ते गिळत नव्हतं. दूध ओठांच्या कडेने तिच्या कपड्यांवर उतरत राहिलं.

या वेळी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी शिंगराला तपासलं, सुईने त्याला कायमचं शांत केलं, गळ्यातल्या गाठीचा तुकडा घेतला, काजळीचं रक्त घेतलं. "अहवाल आला की बोलतो," म्हणाले. मालकीणबाईंना अहवालाशी देणंघेणं नव्हतं. त्याच आठवड्यात ट्रक आला. काजळी फळीवर चढायला तयार होईना. एरवी शहाणी घोडी, पण तिला शिंगराच्या जागेकडे परत जायचं होतं. शेवटी मॅनेजरनेच हाक मारली, "चंदीबाई, तुमचं ऐकते ती. जरा बादली घेऊन पुढे चला."

चंदीबाई बादली घेऊन पुढे चालली आणि काजळी तिच्यामागून ट्रकात चढली. बादलीत तिची नेहमीची चंदी होती, वर दोन मुठी.

वरातीमागून घोडं यावं तसा अहवाल काही दिवसांनी आला. डॉक्टर स्वतः चंदीच्या खोलीत आले. थकलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी तयार खुराकाच्या पोत्यावरची जंत्री बोट ठेवून वाचली, मग शेवाळाच्या पोत्याशी वाकून वास घेतला.

"हे किती घालता?"

"एक माप," दारातून मॅनेजर म्हणाला. "मोजून."

"एका मापाने एवढं होणार नाही. घोडीच्या रक्तात आयोडीन भयंकर वाढलेलं आहे. बाकीच्यांना हेच देता ना? मग एकटीलाच कसं?"

चंदीबाईला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कमी झालेलं, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "गलगंड होता तो. मला माहीत आहे."

"गलगंडच होता. पण जास्तीमुळे."

"जास्तीने कसा होईल?"

डॉक्टर पिंपाच्या झाकणावर बसले. "बाई, गळ्यातल्या ग्रंथीला आयोडीन लागतं ते इवलंसं. कमी पडलं तर ती धडपडून धडपडून फुगते. अति झालं तर ती काम बंद पाडते, आणि मग तशीच फुगते. वरून बघाल तर दोन्ही गाठी सारख्या. गाभण घोडीला काही होत नाही, उलट ती छान दिसते. सगळं पोटातल्या पिलाकडे उतरतं, आणि पुढे दुधातूनही जातं. या तयार खुराकात पुरेसं होतंच. त्यावर हे माप. त्यावर आणखी कुणीतरी घातलंय."

चंदीबाई म्हणाली, "मी घातलं."

"का?" मॅनेजर ओरडला.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तिचे हात गळ्याशी गेले, आणि जे बटण फार्मवर कुणी सुटलेलं पाहिलं नव्हतं ते तिने सोडलं. दुसरंही सोडलं. डॉक्टरांनी वण पाहिला आणि मान खाली घातली. "गेल्या वर्षीच मला एक शब्द बोलला असतात तर," ते एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. दूध बाटलीने पाजलं होतं तिने. ज्या दुधातून तेच जात होतं, ते तिने बळेबळे त्याच्या तोंडात घातलं होतं.

आणि मग तिला बरणी आठवली.

ॲप्रन तसाच, बटणं तशीच उघडी, ती फाटकाबाहेर पडली. मॅनेजर मागून काहीतरी म्हणत होता, बहुतेक कामावरून काढल्याचं. रस्त्यात तिने फोन लावला, भाचीने उचलला नाही. पुन्हा लावला. बसमध्ये लोक तिच्या गळ्याकडे बघत होते आणि तिला त्याचं भान नव्हतं. भाचीला सातवा महिना होता. रोज एक चमचा. गच्च भरलेली बरणी. तिने बोटांवर हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला, कारण आकडा जसजसा वाढत होता तसं मांडीवरचं ते काळं डोकं जड होत होतं. आईच्या पोटातून आपल्या वाट्याला जे आलं ते न मिळाल्यामुळे. आणि या लेकराच्या वाट्याला येणार ते आपण दिल्यामुळे. आईला निदान माहीत नव्हतं. आपल्याला तर सगळं माहीत होतं ना?

तिसऱ्या मजल्यापर्यंत ती धापा टाकत चढली. दार धाकटीने उघडलं. मागे खुर्चीत भाची पोटावर वाटी ठेवून काहीतरी खात बसली होती.

"बरणी कुठाय?" चंदीबाई म्हणाली.

"कसली बरणी? ताई, हा काय अवतार?"

"पुडीची बरणी. मी दिलेली. किती घेतलीस गं? खरं सांग. किती घेतलीस?"

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. भाची वाटीत चमचा फिरवत राहिली. धाकटीने पदर खोचावा तसा आवाज खोचला.

"हे बघ ताई, विचारतेच आहेस तर सांगते. ती आम्ही घेतलीच नाही. तू गेलीस आणि मी ती कुंड्यांत ओतली. अगं, घोड्यांचं खाणं ते, मी माझ्या पोरीला कशी देईन? तुझं तबेल्यातलं तबेल्यात ठेव."

"मावशी, तुला वाईट वाटेल म्हणून मी फोनवर…" भाची म्हणाली.

"एकही चमचा नाही?"

"नाही गं."

"आईची शपथ?"

"माझ्या बाळाची शपथ, मावशी. त्या बरणीला मी हातसुद्धा लावला नाही."

चंदीबाई ओट्याला धरून उभी राहिली. खिडकीत कुंड्यांची रांग होती आणि झाडं मेलेली होती. पानं कडेने करपलेली, मातीवर खारट पांढरी साय. त्या झाडांकडे बघता बघता ती तिथेच फरशीवर बसली. इतकी वर्षं या घरात तिने आणलेलं काहीच कुणी तोंडाला लावलं नव्हतं. तिचा डबा तसाच परत यायचा, तिचा कप वेगळा धुतला जायचा, हे ती बघत होती आणि गिळत होती. आज त्याच किळशीने एक गळा वाचवला होता. आणि जिने तिच्या हातचं सगळं विश्वासाने खाल्लं, शेवटची बादलीसुद्धा, ती ट्रकातून गेली.

ती रडायला लागली तसं धाकटीला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"एवढं काय मनाला लावून घेतेस? टाकली तर टाकली. तू प्रेमानेच दिली होतीस, आम्हाला काय कळत नाही?"

"बरं केलंस," चंदीबाई म्हणाली. "लई बरं केलंस, बाई. माझ्या हातचं काही घेऊ नका."

धाकटीला वाटलं, ही टोमणा मारतेय. ती तोंड वळवून चहा ठेवायला गेली, आणि कप काढताना तिने नेहमीचा, कडेला ठेवलेला वेगळाच कप काढला.